पायरियाचा इलाज मापाने होतो

हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुतेकजण ते रक्त बऱ्याच महिन्यांपासून बघत आलेले असतात. सकाळी चूळ टाकली की बेसिनमध्ये लालसर पाणी, पेरू चावला की फोडीवर डाग, झोपून उठल्यावर तोंडाला वास. दुखत काहीच नाही, म्हणून राहून जातं. दाढ किडली की ती रात्री झोपू देत नाही. हिरड्यांचा आजार, म्हणजे पायरिया, मात्र वर्षानुवर्षं गुपचूप दाताभोवतीचं हाड खात राहतो. मग एखादा दात हलायला लागतो, पुढच्या दोन दातांत फट पडते किंवा हिरडीवर पुवाचा फोड येतो, तेव्हा धावपळ सुरू होते. तोवर मुळाचा निम्मा आधार गेलेला असू शकतो. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, पण उरलेलं टिकवता येतं.

हा इलाज आम्ही रोज करतो. खुर्चीच्या या बाजूने तो कसा दिसतो, कोणत्या टप्प्यावर बिघडतो आणि पेशंटने कशासाठी आग्रह धरायला हवा, ते इथे लिहितोय. सगळ्यात आधी सांगायचं ते हे की या आजारात नुसतं डोळ्यांनी बघून काही ठरत नाही. हिरडी वरून गुलाबी, घट्ट दिसते आणि आत सहा मिलिमीटर खोल पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली खोल गेलेली खाच, निघतं. म्हणून इलाज मापाने सुरू व्हायला हवा. तुमच्या हिरड्या आजवर कुणी मोजल्याच नसतील, तर जे झालं ती साफसफाई झाली, पायरियाचा इलाज अजून व्हायचाय.

माप घेण्याआधी प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरं नीट द्यावीत. डायबेटिस असेल तर गेल्या तीन महिन्यांतला एचबीएवनसीचा, म्हणजे सरासरी साखर दाखवणारा, रिपोर्ट सोबत आणा. तो ७ किंवा त्याहून वर असेल तर आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरला जातो. उलटही खरं आहे: हिरड्यांतली सूज उतरली की एचबीएवनसी काही दशांशांनी खाली येतो. बीपीसाठी ॲम्लोडिपिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. ती गोळी स्वतःहून बंद करायची नाही, तुमच्या फिजिशियनशी बोलून बदलता येते का ते बघता येतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेत असाल तर सांगा, पण दात साफ करायचेत म्हणून आपल्या मनाने थांबवू नका. हिरडीचं रक्त गॉज दाबून थांबवता येतं, स्टेंटमध्ये झालेली गुठळी आम्हाला थांबवता येत नाही. वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकुमरॉल घेणाऱ्यांचा ताजा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, लागतो. हृदयात कृत्रिम झडप असेल तर साफसफाईच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस द्यावा लागतो. मोठ्या माणसाला अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, त्याची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. गरोदर बाईच्या हिरड्या हार्मोन्समुळे लवकर सुजतात. साफसफाईला चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा.

आणि तंबाखू. महाराष्ट्रात हा प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. “तंबाखू खाता का?” असं विचारलं की मावशी “नाही” म्हणतात, आणि त्यांच्या परीने खरंच सांगत असतात, कारण मशेरी ही त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. म्हणून आम्ही विचारतो, “दात कशाने घासता? दिवसातून कितीदा?” सकाळी उठल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री झोपताना, असं तीनदा सांगितलं की समजायचं, ही दात घासायची गरज नव्हे, तलफ आहे. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली तरी त्यातलं निकोटिन जात नाही. ओल्या हिरडीवर बोटाने चोळलं की ते थेट रक्तात उतरतं.

मशेरीचं तोंड उघडलं की नुकसानीचा नकाशा समोर असतो. बोट जिथवर पोचतं तिथले, म्हणजे पुढच्या दातांचे ओठाकडचे भाग घासून गुळगुळीत, मानेशी खाचा पडलेल्या, हिरडी दोन-तीन मिलिमीटर खाली सरकलेली. त्याच दातांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला कीटणाचा जाड थर, कारण तिथे बोट कधी गेलेलंच नसतं. दाढांच्या मधल्या फटी काळ्या. खालच्या ओठाच्या खोबणीत, जिथे मशेरीचा चोथा साठतो, तिथली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली. हा पांढरा चट्टा बोटाने किंवा गॉजने पुसून निघत नसेल, किंवा तोंडात कुठेही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर हिरड्या बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी, गरज पडल्यास तुकडा काढून. गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्यांनी आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघावं. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय.

तंबाखूचा आणखी एक घात आहे. निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. बिडी-सिगारेटवाल्यांत हे फार ठळक दिसतं: आत सात मिलिमीटरचं पॉकेट, वरून टिपूसही नाही. तंबाखू सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्त वाढलेलं दिसू शकतं. हिरडीचा रक्तपुरवठा पूर्ववत होत असल्याची ती खूण आहे. नेमकं तेव्हाच “सोडल्यापासून हिरड्या बिघडल्या” म्हणून माणूस पुन्हा तिकडे वळतो. सोडताना “पोट साफ होत नाही” ही तक्रार तर हमखास येते. त्यासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकरी, आणि तरीही त्रास झाला तर डॉक्टरांकडून काही दिवसांपुरतं औषध घ्यावं. मशेरी हे पोटाचं औषध म्हणून चालू ठेवू नये. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

आता माप. हातात असतो तो पेरिओडॉन्टल प्रोब, बोथट टोकाची बारीक सळई, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. नेहमीच्या विल्यम्स प्रोबवर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० अशा रेघा असतात. ४ आणि ६ मुद्दाम गाळलेले, म्हणजे वाचताना घोळ होत नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये मुळातच एक खाच असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिमी खोल. प्रोब दाताच्या अंगाला टेकवून त्या खाचेत सोडायचा, हिरडीने अडवलं की थांबायचं, आणि मग दाताभोवती पावलं टाकल्यागत फिरवत न्यायचं. एका दाताची सहा मापं: गालाकडून तीन, जिभेकडून तीन. अठ्ठावीस दात असतील तर १६८ आकडे. असिस्टंट लिहून घेते, “तीन, दोन, चार… तीन, दोन, सहा, रक्त.” जोर २० ते २५ ग्रॅमचा, म्हणजे टोक अंगठ्याच्या नखाखाली सरकवलं तरी दुखू नये इतकाच. जास्त दाबलं तर निरोगी जागीही रक्त येतं आणि आकडा खोटा मोठा येतो. सुजलेल्या हिरडीला थोडं टोचतं, पण यासाठी सहसा भूल लागत नाही.

माप दोन प्रकारे फसवतं. पहिला प्रकार, हिरडी सुजून वर चढलेली असते तेव्हा ५ मिमी भरतात, पण खालचं हाड शाबूत असतं. सूज उतरली की ते पॉकेट आपोआप जातं. दुसरा प्रकार उलटा आणि जास्त धोक्याचा. हिरडी ३ मिमी खाली सरकलेली आहे आणि पॉकेट फक्त ३ मिमी भरतंय. आकडा छान वाटतो, पण आधार ६ मिमी गेलेला असतो. म्हणून पॉकेटच्या शेजारी हिरडी किती सरकली तेही लिहावं लागतं, आणि दोन्हींची बेरीज बघावी लागते. शिवाय कीटण जाड असेल तर प्रोब मध्येच त्याच्या कड्यावर अडकतो आणि खोली कमी दिसते. अशा तोंडात पहिली जाडसर साफसफाई करून, आठ-दहा दिवसांनी पुन्हा नीट मोजतात.

सोबत एक्सरे. पूर्ण जबड्याच्या ओपीजीवर एकंदर अंदाज येतो, पण हाडातली अरुंद, उभी खाच दाताच्या छोट्या एक्सरेतच नीट दिसते. हाडाची कड दाताच्या मानेपासून १-२ मिमी खाली असणं हे नॉर्मल, त्याच्याखाली जितकी, तितका ऱ्हास. दात हलतो का तेही बघायचं, दोन उपकरणांच्या दांड्यांमध्ये धरून, बोटाने नाही, कारण बोटाचं मांसच दबतं. १ मिमीपर्यंत हलला तर पहिला ग्रेड, त्याहून जास्त तर दुसरा, खाली दाबलाही जात असेल तर तिसरा.

हा तक्ता तयार झाला की त्याची प्रत मागून घ्या, निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं असतं. दवाखाना बदलला तरी तो तक्ता तुमच्याबरोबर राहायला हवा.

पहिल्या बैठकीत हिरडीच्या वरचं कीटण निघतं. दातावर साचणाऱ्या चिकट, पांढुरक्या थरात जंतू असतात. तो थर काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरून, गिझरच्या कॉईलवर क्षार बसतात तसा तो टणक होतो. काहींच्यात हे दोन-चार दिवसांत सुरू होतं, काहींच्यात दोन आठवडे लागतात. सगळ्यात जास्त कीटण खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कारण लाळेच्या मोठ्या नळ्या तिथेच उघडतात. एकदा टणक झालं की ब्रश, मीठ, सोडा, राखुंडी, काहीही घासून ते निघत नाही. घासला जातो तो दात.

कीटण काढायच्या मशिनचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ४५ हजार वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने कीटण सुटतं. पाणी उडत असतं ते टोक थंड ठेवायला. टोकाची कूस दाताला लावायची, दाताशी जवळजवळ समांतर, आणि हात हलका ठेवून सतत फिरता ठेवायचा. अणी दाताला टोचून दाबली तर मुळावर ओरखडे पडतात. ही चूक होते, आणि ती करणाऱ्याची असते, मशिनची नव्हे. काम नीट झालं तर एनॅमल झिजत नाही.

या बैठकीनंतर तीन तक्रारी येणारच, म्हणून आम्ही त्या आधीच सांगून ठेवतो. “फटी पडल्या.” फटी आधीच होत्या, कीटणाने बुजलेल्या. “दात हलायला लागले.” हाड गेल्यावर दातांना एकमेकांशी धरून ठेवणारा कीटणाचा कट्टा निघाला की खरं हलणं जाणवतं; सूज ओसरली की ते बरंच कमी होतं, दोन-तीन आठवडे थांबा. “पाणी लागलं की शिवशिवतं.” कीटणाखाली झाकलेलं मूळ उघडं पडलंय. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट सकाळ-रात्र वापरा. रात्री घासून झाल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, पेस्टचा पातळ थर दातावर राहू द्या. फरक पडायला पंधरवडा जातो. दोन दिवसांत ट्यूब बदलून उपयोग नाही.

इथवर बहुतेकजण येतात, दात पांढरे दिसतात, तोंडाला बरं वाटतं, आणि इथेच थांबतात. सगळ्यात मोठी गफलत हीच आहे. ज्यांची पॉकेट्स ३ मिमीच्या आत आहेत त्यांना एवढं पुरतं. ज्यांची ४, ५, ६ आहेत त्यांचं खरं कीटण अजून आतच आहे. वरचं पिवळट आणि तुलनेने भुसभुशीत. आतलं काळपट, मुळाला घट्ट चिकटलेलं. पॉकेटमधल्या रक्ताचा रंग त्यात उतरलेला असतो. ते तसंच ठेवून वरची हिरडी घट्ट झाली, तर आत कोंडलेल्या पुवाला वाट मिळत नाही आणि काही दिवसांनी गळू उठतं.

म्हणून पुढची बैठक भूल देऊन, मुळांच्या साफसफाईची. सहसा एका वेळी एक बाजू, वर आणि खाली, आठवड्याने दुसरी. दोन टक्के लिग्नोकेन, त्यात १:८०,००० प्रमाणात ॲड्रिनलिन, म्हणजे भूल टिकते आणि रक्तही कमी वाहतं. खालच्या जबड्याची भूल अर्धा ओठ आणि अर्धी जीभ दोन-तीन तास बधिर ठेवते. तेवढ्यात गरम चहा पिऊ नये, काही चावू नये, नाहीतर ओठ चावला जातो आणि रात्री कळतं. जेवून यावं, रोजच्या गोळ्या घेऊन यावं. डायबेटिसवाल्यांनी तर उपाशी अजिबात येऊ नये.

मशिनच्या बारीक टोकांनी आतलं मोठं कीटण उडवलं की हातातली क्युरेट्स, म्हणजे मूळ खरवडायची बारीक, वाकड्या पात्याची हत्यारं. ग्रेसी क्युरेट जागेप्रमाणे वेगळी: पुढच्या दातांना ५-६, दाढांच्या पुढच्या अंगाला ११-१२, मागच्या अंगाला १३-१४. पातं बंद ठेवून हिरडीखाली तळापर्यंत न्यायचं, तिथे मुळाला लावून कोन उघडायचा आणि वर ओढायचं. एक इंच नव्हे, दोन-तीन मिलिमीटरचा झटका. पहिल्या काही ओढींना हाताला खरखर लागते, मग “टक्” असं काहीतरी सुटतं आणि पात्यावर मोहरीएवढी काळी खपली येते. गॉजवर पुसून पेशंटला दाखवली की इतके दिवस काय चाललं होतं ते त्यांना एका क्षणात उमगतं. खरखर थांबून पातं गुळगुळीत सरकायला लागलं की थांबायचं. त्यापुढे खरवडत राहिलं तर मुळाचं वरचं आवरण विनाकारण निघतं आणि शिवशिव वाढते. एका बाजूला पाऊण ते एक तास लागतो. दहा मिनिटांत पूर्ण तोंड “डीप क्लिनिंग” करून देतो असं कुणी म्हणालं तर तक्ता दाखवायला सांगा.

हातालाही मर्यादा आहेत. ५ मिमीच्या पुढे डोळ्यांना काहीच दिसत नाही, काम निव्वळ स्पर्शावर चालतं, आणि थोडं कीटण मागे राहतंच. दाढांच्या मुळांच्या बेचक्यात तर अडचण भूमितीची आहे: बेचक्याचं तोंड बऱ्याचदा १ मिमीहून अरुंद, आणि क्युरेटचं पातं जवळपास तेवढंच रुंद. म्हणून वरच्या दाढा सगळ्यात आधी जातात, आणि म्हणून नंतर पुन्हा मोजणं सोडता येत नाही.

अँटिबायोटिकचं काय? बहुतेकांना लागत नाही. जंतू कीटणावर थर करून राहतात, आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. आधी थर मोडावा लागतो. तरीही मेडिकलमधून स्वतःच पाच दिवसांच्या गोळ्या आणून घेणारे खूप. पू थांबतो, महिन्याभरात परत येतो, आणि मध्ये हाड थोडं आणखी गेलेलं असतं. वरून चोळायच्या गम पेंटचीही तीच गत. हिरडी आवळल्यासारखी वाटते, आतलं कीटण जागचं हलत नाही.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी जोरात चुळा नकोत, मऊ, कोमट खाणं. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, चार-पाच दिवस. क्लोरहेक्सिडिनचा ०.२ टक्क्यांचा माउथवॉश दिला असेल तर १० मिलि, अर्धा ते एक मिनिट तोंडात फिरवून थुंकायचा, सकाळ-रात्र, दोन आठवडे. पेस्ट लावल्यावर लगेच नको, अर्धा तास थांबा, पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याला निकामी करतो. दोन आठवड्यांपुढे तो चालू ठेवला तर दातांवर, जिभेवर तपकिरी डाग येतात आणि जेवणाची चव बिघडते. चहा भरपूर पिणाऱ्यांना हे लवकर होतं.

मग रोजचं घासणं. याचा इलाजातला वाटा निम्म्याहून जास्त आहे, आणि हे आम्ही जीव तोडून सांगतो. रक्त येतंय म्हणून तिथे ब्रश लावायचा नाही, ही समजूत दात घालवते. रक्त येतं तिथेच थर साचलाय, तिथेच ब्रश न्यायचा. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हाड जायच्या आधीच्या टप्प्यावर हिरडी इतक्या लवकर सावरते.

पद्धत अशी. मऊ ब्रश, डोकं लहान. वाटाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत टेकवायचे, निम्मे हिरडीवर, निम्मे दातावर. तिथेच ठेवून अगदी बारीक थरथर द्यायची, एका जागी दहा-पंधरा वेळा. केसांची टोकं हलली तरी पुरे, ब्रश आडवा पळवायचा नाही. मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घ्यायचं आणि पुढच्या दोन दातांवर सरकायचं. पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरायचा. न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. चार्ल्स बास यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. रात्रीचं घासणं चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते. आणि घासण्याची सुरुवात खालच्या दातांच्या आतल्या बाजूने करा. सगळे समोरून सुरू करतात आणि तिथे पोचेपर्यंत कंटाळा आलेला असतो.

दोन दातांच्या मधली जागा ब्रशने होतच नाही, आणि पायरिया तिथेच सुरू होतो. दात चिकटून असतील तर फ्लॉस, फट असेल तर इंटरडेंटल ब्रश. त्याचा आकार नीट निवडावा लागतो: तार दाताला न घासता जावी, पण केस दोन्ही बाजूंना टेकावेत. सैल ब्रश नुसता आतबाहेर होतो. एकाच तोंडात दोन आकार लागू शकतात. पुढे बारीक, दाढांत जाड. पहिले काही दिवस रक्त येईल. आठवडा-दोन आठवड्यांत एकेका जागचं थांबत जातं. जिथलं थांबत नाही ती जागा लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी बोट ठेवून दाखवा, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. टूथपिक आणि टाचणी मात्र कायमची सोडा.

पुन्हा माप सहा ते आठ आठवड्यांनी, काही ठिकाणी तीन महिन्यांनी. चार आठवड्यांच्या आत आम्ही प्रोब घालत नाही, तळाशी नव्याने जुळत असलेला धागा त्याने तुटतो. अपेक्षा काय ठेवावी? ४ ते ६ मिमीची पॉकेट्स साधारण एक ते सव्वा मिलिमीटरने उथळ होतात, ७ आणि त्याहून खोल असलेली दोन मिलिमीटरच्या आसपास. यातला काही भाग हिरडी आकसल्यामुळे, काही ती दाताला पुन्हा चिकटल्यामुळे. म्हणजे दात थोडे लांब दिसणार, पुढच्या दातांत काळे त्रिकोण दिसणार. लग्नाच्या तोंडावर आलेल्या मुला-मुलींना हे आधीच सांगावं लागतं. तंबाखू चालू असेल तर हेच आकडे कमी सुधारतात.

मापानंतर वाटा फुटतात. ४ मिमीपर्यंत, रक्त नाही: इलाज झाला, आता देखभाल. ५ मिमी आणि रक्त: तेवढ्या जागा पुन्हा साफ. ६ किंवा जास्त, रक्त किंवा पू: फ्लॅप सर्जरी, म्हणजे भूल देऊन हिरडी उचलायची, मूळ डोळ्यांनी बघत साफ करायचं, टाके घालायचे, टाके आठ-दहा दिवसांनी निघतात. गेलेल्या हाडाच्या जागी सर्जरीत घातलेली भर सगळीकडे टिकत नाही. उभ्या, अरुंद, भिंती शाबूत असलेल्या खाचेत ती चांगली बसते. घरचा ब्रश नीट चालत नसेल तर सर्जरी पुढे ढकलावी, आणि तसं सांगणाऱ्या डॉक्टरवर रागावू नये. तिसऱ्या ग्रेडने हलणारा दात काढणंच बरं. तो शेजारच्या दाताचंही हाड नेतो.

खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांतला हिरड्यांचा विभाग गाठा. मुंबईत नायर आणि शासकीय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय, गोव्यात बांबोळीचं. तिथे एमडीएसचे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे, विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो, पण तक्ता पूर्ण भरला जातो.

देखभालीची बैठक दर तीन महिन्यांनी. खोल पॉकेटमधल्या जंतूंची वस्ती दोन-तीन महिन्यांत पुन्हा जमते, म्हणून हा अवधी. वर्षभर आकडे स्थिर राहिले तर तो चार, पुढे सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. प्रत्येक वेळी जुना तक्ता शेजारी ठेवून मोजायचं. सगळ्या तोंडात आकडे थोडे थोडे वाढले असतील तर घासणं सैल पडलंय, साखर वाढलीय किंवा तंबाखू परत सुरू झालाय. एकाच दाताच्या एकाच जागी अचानक दोन मिलिमीटर किंवा जास्त वाढ दिसली आणि बाकी सगळं तसंच असेल, तर नुसतं साफ करून सोडून देऊ नये. तिथे मुळाला उभी चीर गेलेली असते, दाताची नस मेलेली असते किंवा कडेला बसवलेल्या कॅपची, सिमेंटची धार हिरडीत घुसलेली असते. अशा दाताचा नवा एक्सरे काढून नस जिवंत आहे का ते तपासायचं, आणि रूट कॅनाल आधी की हिरडी आधी, ते त्यावरून ठरवायचं.